कणकेचा पाव फुगत का नाही?

घरात गव्हाचं पीठ असतं, यीस्ट वाण्याकडे मिळतं, आणि छोटा ओव्हनही आता बऱ्याच घरांत आला आहे. साहजिकच घरी पाव करून बघावा असं अनेकांना वाटतं. आणि पाव घरीच करायचा, तर मैद्याचा कशाला? कणकेचा, कोंड्यासकट, पोटभरीचा का नको? मग मैद्याच्या पावाची एखादी कृती घेतली जाते, तिच्यात मैद्याऐवजी तेवढीच कणीक घातली जाते, आणि तासा-दोन तासांनी ओव्हनमधून जे बाहेर येतं ते दिसायला पाव आणि वागायला वीट असतं. पुढच्या खेपेला यीस्ट दुप्पट घातलं जातं. त्याने पावाला आंबूस वास येतो, पण वीट वीटच राहते. अखेर ‘अर्धा मैदा घातल्याशिवाय पाव होत नाही’ असं ठरवून प्रकरण मिटवलं जातं.

पण हा निष्कर्ष बरोबर नाही. शंभर टक्के कणकेचा चांगला पाव होतो. फक्त कणीक म्हणजे ‘काळसर मैदा’ नव्हे, तो वेगळा पदार्थ आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. कणकेला पाणी जास्त लागतं आणि वेळही जास्त लागतो. तो का लागतो हे समजून घेताना रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि आहारशास्त्र अशा तीन विषयांत डोकावता येतं. शिवाय सगळं साहित्य स्वयंपाकघरातलंच असल्यामुळे यातले बरेच प्रयोग वर्गातही करता येतात.

दाण्याचे तीन भाग

गव्हाचा दाणा उभा कापून भिंगातून पाहा. बाहेर कोंड्याची आवरणं दिसतात, एका टोकाला छोटा अंकुर असतो, आणि बाकी सगळा पांढरा भाग म्हणजे भ्रूणपोष. वजनाने पाहिलं तर भ्रूणपोष सुमारे ८३ टक्के, कोंडा १४-१५ टक्के आणि अंकुर दोन-तीन टक्के भरतो. मैदा म्हणजे जवळजवळ फक्त भ्रूणपोष. कणकेत तिन्ही भाग असतात.

वजनाने लहान असलेला कोंडा आणि अंकुर पोषणाच्या दृष्टीने मात्र मोठे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, मैद्यात तीन ग्रॅमहून कमी. लोह कणकेत सुमारे ४ मिलिग्रॅम, तर मैद्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे कोंडा काढून टाकला की दाण्यातला थोडा भाग जातो, पण बराचसा ऐवज जातो. आणि पाव करताना अडचण होते तीही याच कोंड्याची.

पाव म्हणजे फुग्यांचा ढीग

पाव फुगायला दोन गोष्टी लागतात. एक, वायू तयार करणारं कुणीतरी. आणि दुसरी, तो वायू धरून ठेवणारं काहीतरी. आपल्या कणकेत यांपैकी नेमकं कुठे कमी पडतं?

आधी वायूचा हिशोब करू. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. ग्लुकोजच्या १८० ग्रॅमपासून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे एक ग्रॅम ग्लुकोजपासून जवळजवळ अर्धा ग्रॅम. साध्या तापमानाला या अर्ध्या ग्रॅम वायूचं आकारमान सुमारे २७० मिलिलिटर भरतं. ४०० ग्रॅम पीठ पाण्यात भिजवलं तर जो उंडा तयार होतो तो साधारण ६०० मिलिलिटर जागा व्यापतो. तो दुप्पट व्हायचा तर आणखी ६०० मिलिलिटर वायू हवा. त्यासाठी साखर लागेल सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा! काही वायू निसटून जातो हे धरलं तरी हा आकडा फार वाढत नाही. पिठात मुळातच एक-दोन टक्के साखर असते, आणि पीठ भिजलं की त्यातली विकरं स्टार्चचे तुकडे करून आणखी साखर पुरवत राहतात.

तेव्हा वायूचा तुटवडा हे आपल्या विटेचं कारण नव्हे. यीस्ट दुप्पट घालून काही साधत नाही ते याचमुळे. वायू भरपूर तयार होतो, पण तो धरून ठेवणारी पिशवीच फाटकी असते.

पिशवी कशाची?

ही पिशवी असते ग्लुटेनची. १७४५ साली इटलीतल्या बोलोन्या इथल्या बेक्कारी या शास्त्रज्ञाचं एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्यात धूत राहिलं की पांढरा स्टार्च निघून जातो आणि मागे एक चिवट, रबरासारखा पदार्थ उरतो. तोच हा ग्लुटेन. हा प्रयोग वर्गात अगदी सहज होतो. मैदा, कणीक आणि ज्वारीचं पीठ प्रत्येकी १०० ग्रॅम घेऊन पाण्यात घट्ट मळा. गोळे अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. मग एकेक गोळा पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने दाबत, पाणी बदलत धूत राहा. निघणाऱ्या दुधाळ पाण्यात आयोडिनचा थेंब टाकला तर ते निळं-काळं होतं, म्हणजे तो स्टार्चच आहे.

मैद्याच्या गोळ्यातून शेवटी पंचवीस-तीस ग्रॅमचा ओला, ताणला जाणारा गोळा हाती राहतो. कणकेतूनही राहतो, पण त्यात कोंड्याचे कण रुतलेले दिसतात आणि ताणला की तो लवकर तुटतो. ज्वारीच्या गोळ्यातून हाताला काहीच लागत नाही, सगळं पीठ पाण्यात विरून जातं. भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवतात किंवा उकड काढतात ती यासाठीच. तिथे ग्लुटेन नसतो म्हणून उष्णतेने चिकट झालेल्या स्टार्चकडून बांधणीचं काम करून घ्यावं लागतं.

ग्लुटेन पिठात आयता नसतो. पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. ग्लायडिनमुळे जाळं ताणलं जातं, ग्लुटेनिनमुळे ते परत आखडतं. मळल्याने हे जाळं नीट रचलं जातं. पण न मळता, नुसतं भिजवून ठेवलं तरी ते बऱ्यापैकी आपोआप तयार होतं. पोळ्यांची कणीक भिजवल्यावर झाकून ठेवली की मऊ येते, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. फ्रान्समधले पावतज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांनी १९७०च्या दशकात पावासाठी हीच गोष्ट रीतसर मांडली: पीठ आणि पाणी आधी एकत्र करून ठेवावं, मीठ नंतर घालून मग मळावं.

कोंडा आडवा येतो तो असा

कणकेत कोंडा ग्लुटेनच्या वाटेत तीन प्रकारे येतो. पहिला, त्याचे कोरडे, कडक, टोकदार कण फुग्यांच्या पातळ भिंतींना भोकं पाडतात. दुसरा, कोंडा पाणी खूप पितो, पण सावकाश पितो. पीठ मळताना सैल वाटतं, आणि अर्ध्या तासाने तेच घट्ट होतं, कारण कोंड्याने ग्लुटेनच्या वाट्याचं पाणी ओढून घेतलेलं असतं. घट्ट पिठात फुगे वाढू शकत नाहीत. तिसरा, कोंड्यामुळे तेवढ्याच पिठात ग्लुटेनचा वाटा कमी होतो. त्यात भर म्हणजे अंकुरातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ग्लुटेनचे दुवे सैल करतं.

चक्कीवरच्या पिठाची आणखी एक गोष्ट असते. दगडी जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे बरेच कण भंगतात. भंगलेले कण पाणी जास्त शोषतात. पोळी मऊ होते ती यामुळे, आणि मैद्याच्या कृतीतलं पाणी आपल्या कणकेला अपुरं पडतं तेही यामुळेच.

एकदा कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो. पाणी वाढवायचं आणि कोंड्याला ते प्यायला आधीच वेळ द्यायचा. भिजलेला कोंडा मऊ पडतो, त्याची टोकं बोथट होतात आणि नंतर तो ग्लुटेनचं पाणी पळवत नाही.

वेळेचा दुसरा फायदा

पीठ भिजत ठेवण्याचा फायदा फक्त पावाच्या उंचीपुरता नाही. कोंड्यात लोह आणि जस्त असतं, पण तिथेच फायटिक आम्लही असतं. ते या खनिजांना असं घट्ट बांधून ठेवतं की आतड्यात ती पूर्णपणे शोषली जात नाहीत. तक्त्यात दिसणारं सगळं लोह रक्तापर्यंत पोचत नाही, त्याचं हे एक कारण.

या गोष्टीचं गांभीर्य इराणमध्ये फार स्पष्ट दिसलं. बिहारमधल्या बक्सर इथे जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझला गेले होते. तिथे त्यांच्यासमोर एक एकवीस वर्षांचा रुग्ण आला. तो दिसत होता जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा. त्याला तीव्र रक्तक्षय होता आणि वाढ खुंटलेली होती. असे आणखीही रुग्ण सापडले. त्यांचा आहार म्हणजे प्रामुख्याने न आंबवलेली, संपूर्ण गव्हाची रोटी. मांस-दूध जवळजवळ नाहीच. आणि त्यातल्या अनेकांना माती खाण्याची सवय. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हे रुग्ण वैद्यकीय जगासमोर मांडले आणि लोहाबरोबर जस्ताचीही कमतरता असावी असा तर्क केला. पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासातून तो खरा ठरला. तोवर माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते, हेच कुणी फारसं मानत नव्हतं.

याचा अर्थ पोळी वाईट असा मुळीच नाही. डाळी, भाज्या, दूध आणि लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व पोळीच्या जोडीला असलं की चित्र बदलतं. पण आहार जवळजवळ एकाच धान्यावर उभा असेल, तर ते धान्य कसं शिजवलं याला महत्त्व येतं. आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक आहारातून कमी शोषलं जाणारं लोह.

फायटिक आम्लाचं कुलूप उघडणारी किल्ली गव्हातच असते. फायटेज नावाचं विकर गव्हाच्या दाण्यात असतं. कोरड्या पिठात ते निष्क्रिय असतं. पीठ भिजलं, थोडं आंबलं, की ते फायटिक आम्लाचे तुकडे करू लागतं. पोळी भिजवल्यानंतर लगेच तव्यावर जाते, तेव्हा त्याला वेळ मिळत नाही. रात्रभर आंबलेल्या पावाच्या पिठात तो मिळतो. म्हणजे जो वेळ पाव हलका करतो, तोच त्यातलं लोह आणि जस्तही मोकळं करतो. इडली-ढोकळ्याचं पीठ आंबवतानाही आपण हेच करत असतो.

करून पाहू या

एका मध्यम पावासाठी ४०० ग्रॅम कणीक, सुमारे ३२० मिलिलिटर पाणी, सपाट चमचाभर कोरडं यीस्ट, दीड चमचा मीठ, चमचाभर गूळ आणि मोठा चमचाभर तेल घ्या.

रात्री निम्मी कणीक १६० मिलिलिटर पाण्यात चिमूटभर यीस्ट घालून कालवा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात हे मिश्रण तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं, नाहीतर सकाळपर्यंत फार आंबतं. सकाळी उरलेली कणीक उरलेल्या पाण्यात नुसती भिजवून पाऊण तास झाकून ठेवा. मग दोन्ही एकत्र करून उरलेलं यीस्ट, मीठ, गूळ, तेल घाला आणि दहा मिनिटं चांगलं तिंबा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल आणि हाताला थोडं चिकटणारं हवं. कोरडं पीठ लावण्याचा मोह टाळा, हात पाण्याने ओला करा. पीठ घट्ट वाटलं तर आणखी चमचा-दोन चमचे पाणी घाला.

पीठ झाकून ठेवा. ते दीडपटीहून थोडं जास्त झालं की पुरे. मैद्यासारखं दुप्पट होण्याची वाट पाहू नका, कारण भोकं पडलेली पिशवी जास्त ताणली की बसते. किती वेळ लागेल ते घड्याळापेक्षा हवेवर ठरतं. पंचवीस अंशाला दीड तास लागला, तर पस्तीस अंशाला पाऊण तासातच होऊन जाईल. आता पिठाला वळकटीसारखा आकार देऊन तेल लावलेल्या साच्यात ठेवा. आणखी चाळीसेक मिनिटांनी, बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून येऊ लागला की भाजायला घ्या. आधी दहा मिनिटं २२० अंशांवर, मग तीस-पस्तीस मिनिटं १९० अंशांवर.

ज्वारी किंवा नाचणीचं पीठ घालायचं असेल तर कणकेच्या पाचव्या हिश्शापर्यंत घाला. त्यांच्यात ग्लुटेन नसल्याने त्याहून जास्त घातल्यास पाव भुसभुशीत होतो. तीळ, जवस हवे तेवढे घाला, मात्र जवस आधी भिजवा.

भट्टीत काय होतं?

ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पाव एकदम वर येतो. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, पिठातल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पाण्याची वाफ होऊ लागते. साधारण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरतं. त्यापुढे स्टार्च पाणी शोषून फुगतो, ग्लुटेन घट्ट होतो, आणि फुग्यांच्या ढिगाचा स्पंज बनतो. बाहेरचं कवच मात्र कोरडं पडून दीडशे अंशांच्या पुढे जातं. तिथे साखर आणि प्रथिनांची अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि तो भूक चाळवणारा वास येतो. या अभिक्रियेचं वर्णन लुई मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं.

पाव बाहेर काढून बुडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज यायला हवा. लगेच कापू नका. आतला स्टार्च अजून चिकट असतो. तो निवून घट्ट व्हायला तास-दोन तास लागतात. गरम कापलेला पाव कच्चा वाटतो, आणि दोष उगाच भाजणीला दिला जातो. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत स्टार्चचे स्फटिक जलद बनतात आणि पाव लवकर शिळा होतो.

पोई आणि ‘ब्राऊन’ पाव

कोंड्याचा पाव ही काही परदेशी नवलाई नाही. पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि गोव्यातले पोदेर कोंडा घातलेली, आत पोकळ असलेली चपटी पोई पिढ्यान्‌पिढ्या भाजत आले आहेत. पूर्वी तिचं पीठ यीस्टऐवजी माडाच्या सुरेने आंबवत. सुरेत नैसर्गिक यीस्ट असतंच, पण ते सावकाश काम करतं, आणि कोंड्याला हवा असलेला वेळ त्यातून आपोआप मिळे.

बाजारातला तपकिरी पाव मात्र रंगावरून ओळखता येत नाही. करपवलेल्या साखरेचा रंग घातला की मैद्याचा पावही तपकिरी दिसतो. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यात पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा. विद्यार्थ्यांना वेष्टनं जमवून आणायला सांगितलं तर एक तास त्यातच रंगेल.

एक सूचना मात्र महत्त्वाची. सीलिअॅक नावाचा आजार असलेल्यांना ग्लुटेन अजिबात चालत नाही, आणि पाव कितीही आंबवला तरी त्यांच्यासाठी तो निर्धोक होत नाही.

वर्गासाठी

१. चार सारखे उभट ग्लास घ्या. पहिल्यात मैद्याचं पीठ, दुसऱ्यात लगेच भिजवून यीस्ट घातलेली कणीक, तिसऱ्यात एक तास आधी भिजवून मग यीस्ट घातलेली कणीक, चौथ्यात तिसऱ्यासारखीच पण जास्त पाणी घातलेली कणीक भरा. पिठाचं वजन आणि यीस्ट सगळीकडे सारखं. पहिल्या तिन्हींत पाणीही सारखं. दर पंधरा मिनिटांनी उंची मोजून आलेख काढा. पाणी आणि वेळ यांपैकी कशाचा परिणाम जास्त दिसला?

२. तीन बाटल्यांत चमचाभर यीस्ट, चमचाभर साखर आणि अनुक्रमे १०, ३० आणि ६० अंश तापमानाचं पाणी घालून तोंडाला फुगे बांधा. कोणता फुगा फुगतो? बाटल्या निवू दिल्यावर उरलेल्या दोन फुग्यांत काय फरक पडतो, आणि का?

३. ओव्हन १९० अंशांवर असताना पावाचा आतला भाग १०० अंशांच्या वर जात नाही. का?

४. लोकवन, शरबती, खपली असे वेगवेगळे गहू दळून आणा आणि ग्लुटेन धुण्याचा प्रयोग करा. गोळ्याचं वजन आणि ताण यांची तुलना करून पावासाठी तुमच्या गावात मिळणारा कोणता गहू निवडाल ते ठरवा. मग त्याचा पाव करून पाहा. उत्तर बरोबर आलं की नाही ते वर्गालाच खाऊन ठरवू द्या.